ड्रेस्डेनच्या बर्फावर आमचा ‘आळशी’ भाचा

“तू ये, पण स्टँडमध्ये बसून ओरडू नकोस,” असं आमंत्रण माझ्या धाकट्या भावाने, नितीनने, फोनवर दिलं. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा ईशान आइस हॉकी खेळतो. तो डिफेन्समन आहे, म्हणजे समोरून सुसाट येणाऱ्याला गोलपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम. कॅनडातल्या ज्युनियर संघांचा ड्राफ्ट असतो, त्यात संघ आळीपाळीने परदेशी मुलं निवडतात. अशाच एका संघाचा स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारा माणूस, शनिवारी खास ईशानला बघायला येणार होता. आमच्या घरात कॅरमच्या पुढे आजवर कोणी गेलेलं नाही. मी लगेच तिकीट काढलं.

मी राहते त्या गार्चिंगहून नितीनच्या ड्रेस्डेनला जाताना लाइपझिगला गाडी बदलावी लागते. शुक्रवारी जाणार असाल तर जागा राखून ठेवा. मी शहाणपणा करून ठेवली नाही आणि अर्धा प्रवास दारापाशी बॅगेवर बसून केला. गाडी रिकामी झाल्यावर मात्र खिडकी मिळाली आणि मन निवळलं.

शनिवारी सकाळी आम्ही ट्रॅमने रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर पोचलो. तिथे बसायला उशी न्याच, कारण थंडी खालून चढते. खायला बॉकवुर्स्ट हे उकडलेलं सॉसेज मिळतं. शाकाहारी मंडळींनी फ्राइजवर भागवावं किंवा माझ्याप्रमाणे तिखटमिठाच्या पुऱ्या न्याव्यात. स्काउट हेर लिंडनर (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) आमच्या शेजारीच येऊन बसले. पुरी घेतली, निरखून पाहिली, खाल्ली आणि आणखी एक मागितली. मला माणूस बरा वाटला.

खेळ सुरू झाला तरी ते पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या मागे नजर पळवत नव्हते. ईशान मागे मागे स्केटिंग करत जाताना कसा वळतो, पक घ्यायच्या आधी खांद्यावरून मागे बघतो का, एवढंच पाहत होते. मध्यंतरात त्यांनी नितीनला सरळ विचारलं, “तुमचा मुलगा कसा आहे?”

नितीन वीस वर्षं जर्मनीत आहे. चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, जर्मन फाडफाड बोलतो. पण प्रश्न मुलाबद्दलचा, त्यामुळे उत्तर जर्मनमध्ये असूनही थेट सदाशिव पेठेतून आलं. “विशेष काही नाही हो. आळशी आहे. जेवलेलं ताट उचलत नाही. संघात घेतलंय हेच नशीब.”

हेर लिंडनर मान डोलावत टॅबलेटवर टाइप करू लागले. मी वाकून पाहिलं तर पहिलाच शब्द ‘आळशी’.

“अरे, काय बोलतोयस?” मी मराठीत फिस्कारले.

“मग काय स्वतःच्या पोराची आरती ओवाळू?”

शेवटी मीच मध्ये पडले. “आमच्याकडे वडील परक्यांसमोर मुलाचं कौतुक करत नाहीत.”

“म्हणजे तो आळशी नाही?”

“अजिबात नाही.”

“मग वडील खोटं बोलले?”

“नाही, नम्रपणे बोलले.”

“आल्झो,” हेर लिंडनर म्हणाले, म्हणजे ‘बरं तर’, “मग मी स्वतःच बघतो.” पण शब्द काही खोडला नाही.

पुढच्याच सत्रात ईशानने चुकीचा पास दिला आणि गोल झाला. नितीनने डोक्याला हात लावला. “झालं, संपलं.”

“आता बघायचंय,” हेर लिंडनर पुढे सरकून म्हणाले. “चूक सगळेच करतात.”

ईशान पुन्हा बर्फावर उतरला. तोच कोपरा, तसाच अंगावर धावून येणारा मुलगा. ईशानने खांद्यावरून मागे पाहिलं, क्षणभर थांबला आणि तोच पास शांतपणे बरोबर दिला. मी ओरडलेच. नितीन मला गप्प करायला विसरला.

सामन्यानंतर हेर लिंडनरनी ईशानला अगदी जर्मन पद्धतीने, तोंडावर सांगितलं, “तुझे वडील म्हणतात तू आळशी आहेस. मला तसं दिसलं नाही.”

परतताना ट्रॅममध्ये ईशानने किटबॅग वाटेतच टाकली. त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो जर्मन. त्याने विचारलं, “पापा, बिन इश फाउल?” जर्मनमध्ये फाउल म्हणजे आळशी. मी आळशी आहे का?

“अरे, तसं नाही रे, ती आपली बोलायची...” नितीन मराठीत सुरू झाला आणि अडकला. मग खिडकीबाहेर बघत जर्मनमध्ये म्हणाला, “तू फार छान खेळतोस. मला तुझा अभिमान वाटतो.” ही वाक्यं त्याला मराठीत कधीच जमली नसती. आमच्या वडिलांनी ती आम्हाला कधी ऐकवलीच नव्हती. माझे डोळे भरून आले. लगेच पुढचं वाक्य मराठीत आलं, “आणि ती किटबॅग वाटेतून बाजूला घे.”

रविवारी आम्ही तिघांनी एल्ब नदीच्या काठावर आयरशेके हा तिथला चीजचा केक खाल्ला. जरूर खा, पण एकच तुकडा दोघांत घ्या.

मग मी गार्चिंगला परतले, कामाला लागले, आणि ड्राफ्टच्या दिवशी मेसेज आला की ईशानला निवडलं, अगदी शेवटच्या फेरीत. मी ताबडतोब नितीनला फोन लावला. आता तरी हा माणूस फुलेल असं वाटलं होतं.

“हं, घेतलंय खरं,” नितीन म्हणाला. “टिकला तर बघू. तिथली पोरं मोठी असतात.”

मी काही बोलणार तोच फोनवर ईशानचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी मराठीत बोलत होता, अडखळत, बापाला अरेतुरे करत.

“आत्या, बाबा खूप खूश आहे. तो फक्त असा बोलतो.”