भर जुलैत पेटवलेला स्टोव्ह

इंजिनिअर रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि पुढची पोस्टिंग आखातातल्या उम्म अल कुवैनला लागली, असं मी घरी गमतीनं सांगत असे. खरं म्हणजे तिथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये मला सुपरवायझरचं काम मिळालं होतं. मालक प्रधानसाहेब, आपलेच. कामगारांना राहायच्या तयार केबिन बनवून ते परदेशी पाठवत. त्या वर्षी ऑर्डर एका थंड, डोंगराळ मुलखातून आली होती. प्रत्येक केबिनमध्ये कोळशाचा लोखंडी स्टोव्ह, त्याच्याभोवती पाण्याची टाकी आणि तिथून गरम पाणी नेणारे पाईप भिंतींना फिरवलेले.

सकाळी सहाला हजेरी, ऊन चढलं की शेडच्या सावलीत. शिस्त बरी होती. मला खटकत होती ती टेस्ट. फिटर दाऊदभाई परकार पाईपात पाणी भरायचा, पंपानं प्रेशर चढवायचा, गळत नाही असं बघून खडूनं ओके लिहायचा. हा रत्नागिरीचा माणूस, आखातात केस पिकवलेला, हाताला चांगला. पण स्टोव्ह तो पेटवतच नसे.

"पेटवून बघायला हवा," मी म्हणालो.

"हवालदार, त्या पाईपाला हात लावून बघा. चटका बसतो. याहून गरम काय करायचाय?"

शेडमधले सगळे हसले. मीही हसलो असतो. जिथे हिवाळ्यातसुद्धा पंखा चालतो, तिथे विस्तव विझल्यावर पाईपाचं काय होतं याचा विचार कोण करणार? मला मात्र तो केल्याशिवाय झोप लागत नव्हती.

उत्तर सीमेवरच्या एका चौकीत आमच्याकडे असाच स्टोव्ह होता. सेक्शनमध्ये नाईक शांताराम गुरव होता. देवरुखकडचा, आवाजाला गोड आणि स्वभावाला तिखट. पत्त्यांत हरला की दिवसभर कुणाशी बोलत नसे. एका रात्री स्टोव्हमधला कोळसा जळून विझला, पाईप थंडीनं आकसला आणि एक सांधा सैल झाला. टाकीतलं पाणी फळ्यांखाली झिरपलं आणि तिथेच गोठलं. वरून सगळं कोरडं. सकाळी गुरव ड्युटीवरून परतला. बोटं बधिर झालेली. त्यानं आधी विस्तव केला. टाकीत पाणी नाही हे लोखंड लाल झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. घाईघाईनं त्यानं वरून डबाभर पाणी ओतलं. पाण्याची एकदम वाफ झाली आणि टाकी फुटली.

मी वायरलेस सेटवर होतो.

"वन कॅज्युअल्टी. सीरियस. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"वेदर खराब. वेट. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"वेट. आउट."

आभाळ दुपारी मोकळं झालं. गुरव त्याआधीच गेला होता. शेवटपर्यंत त्याची शुद्ध हरपली नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

हे सगळं मी प्रधानसाहेबांना सांगितलं.

"ठीक आहे. एका केबिनचा स्टोव्ह पेटवून बघा. पण खोर फक्कान बंदरातली बोट चुकता कामा नये. यल्ला, लागा कामाला."

पॅकिंगच्या पेट्यांची लाकडं फोडून आम्ही भर जुलैत स्टोव्ह पेटवला. घामानं कपडे अंगाला चिकटले. दाऊदभाई मला उद्देशून काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. पाईप तापला तेव्हा एकही सांधा गळला नाही. संध्याकाळी विस्तव विझू दिला. सकाळी दार उघडलं तर पाईप जिथे वळतो तिथल्या जवळजवळ प्रत्येक एल्बोखाली ओल होती आणि स्टोव्हजवळच्या सांध्यातून धार लागली होती.

दाऊदभाई उकिडवा बसून बघत राहिला. मग त्यानं पाना उचलला.

"आवळून भागणार नाही," मी म्हणालो. "खोलायला हवं. सांध्यांवरची टेप काढा, आटे घासा, गळती रोखायला धागा आणि सफेदा लावून पुन्हा बसवा."

तेवढ्यात प्रधानसाहेब आले. त्यांनी घड्याळ बघितलं. "हवालदार, हे किती दिवसांचं काम झालं! सांध्यांवर बाहेरून एपॉक्सीचा लेप फासा. खलास."

"साहेब, आत माणसं झोपणार आहेत."

"मलाही कळतं ते. पण बोट थांबणार आहे का?"

मी पुढं काही बोलण्याआधी दाऊदभाई उठला. "नाय थांबली तर नाय. मी ओके लिवणार नाय साहेब. दुसरा फिटर बघा."

साहेब रागानं लाल झाले. ऑफिसात गेले, दार आपटलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "जाऊ दे ही बोट. खोला सगळं."

आम्ही एकूण एक सांधा खोलला. एकेका केबिनचा स्टोव्ह पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. शेजारच्या वर्कशॉपमधले पठाण कुंपणाशी येऊन आम्हाला वेड्यात काढत. आता मात्र सगळे सांधे कोरडे राहत होते.

शेवटची केबिन कंटेनरमध्ये चढत असताना मी साहेबांना विचारलं, "मी यायच्या आधी एक कंटेनर गेला होता. त्याचं काय?"

"तिकडे फॅक्स केलाय, सांधे तपासा म्हणून."

"उत्तर?"

"अजून नाही. येईल, इन्शाल्ला."

मी तिथे होतो तोवर उत्तर आलं नाही. मी विचारत राहिलो, मग साहेब मला बघून वाट बदलू लागले. फौजेत माणूस गेला की निदान त्याचं नाव आपल्यापाशी राहतं. शांताराम गुरवचं नाव मी अजून रोज देवापुढे घेतो. त्यानंतर हात जोडून थोडा वेळ तसाच उभा राहतो, कारण त्या पहिल्या कंटेनरमधल्या केबिनमध्ये कोण राहायला गेलं, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.