बिनधास्तांचे अज्ञान

त्या रोपवाटिकेच्या मालकाला सगळे 'बिनधास्त' म्हणत, कारण कोणत्याही शंकेला त्याचे तेवढेच उत्तर असे. गिऱ्हाइकाला काय ऐकायचे आहे, हे तो चेहऱ्यावरून ओळखी, आणि या लाचार कसबाला वीस वर्षांचा अनुभव म्हणे.

त्या सकाळी एक निवृत्त परिचारिका आपल्या कुत्रीला घेऊन आल्या. गुलाबी कण्हेरीपाशी थांबून त्यांनी विचारले, "दादा, ही आमची बया दिसेल ते चावते. कण्हेर विषारी असते ना?"

"कुणी भरवलं तुमच्या डोक्यात, मावशी? बिनधास्त न्या. मुक्या जनावराला सगळं कळतं."

मावशींनी कुंडी उचलली. तेवढ्यात मालकाचे स्वतःचे कुत्र्याचे पिल्लू आतून पळत आले आणि कण्हेरीचे गळलेले पान चघळू लागले.

"थूक, मेल्या! मरशील ना!" बिनधास्त किंचाळला. गुडघे टेकून, पिल्लाच्या जबड्यात बोटे घालून त्याने पान ओढून काढले आणि नळाखाली त्याचे तोंड पुन्हा पुन्हा धुतले.

"याला नाही वाटतं कळत?" मावशींनी विचारले.

"अजून लहान आहे हो ते," तो निर्लज्जपणे म्हणाला.

अज्ञानाला क्षमा करता येते. याचे अज्ञान दुकानापुरतेच होते.

मावशींनी कुंडी जागेवर ठेवली. "मग गुलाब देऊ? त्यानं खरंच काही होत नाही," तो घाईने म्हणाला. हे खरे होते. पण मावशी तोवर कुत्रीला घेऊन फाटकाबाहेर पडल्या होत्या.