स्वतःहून मिटणारं पोर्ट

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे झडतीताई म्हणायचे आणि ते तिला ठाऊक होतं. नेटवर्कची सगळी जबाबदारी तिची. कुणी "कॉम्प्युटर चालत नाही" म्हटलं, की टेबलाखाली वाकायच्या आधी ती त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची. "चहा कुणी सांडला?" हा तिचा पहिला प्रश्न. तिचा नवरा बसचालक. एकदा तिला न्यायला आला तेव्हा तो मला म्हणाला, "हिला दूध पातळ लागलं तर ही गवळ्याला सोडून थेट म्हशीची उलटतपासणी घेईल." मी खूप हसले. ती हसली नाही.

मी तेव्हा रिपोर्टच्या खिडकीवर बसायचे. रक्त आमच्या जुन्या इमारतीत घेतलं जायचं, तपासणी रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत व्हायची आणि निकाल वायरीतून माझ्या पडद्यावर यायचा. मधली लाइन एका बाहेरच्या कंपनीची होती. कंपनीने दोन्ही इमारतींत आपला एकेक स्विच ठेवला होता. स्विच म्हणजे वायरी जोडायचा चपटा डबा, आणि वायर जिथे खुपसायची ते पोर्ट.

एका सोमवारी साडेदहाच्या सुमारास निकाल यायचे थांबले. खिडकीपुढे रांग वाढली. झडतीताई धावत पलीकडे गेली, तर कंपनीच्या स्विचवरचं आमचं पोर्ट बंद. तिने फोन करून ते उघडून घेतलं. मिनिटभरात पुन्हा मिटलं. दुपारी एकनंतर मात्र उघडलं ते उघडंच राहिलं. मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी पुन्हा तेच.

"वायर तुटली असेल," मी म्हटलं.

"तुटलेली वायर जेवणाच्या सुट्टीत जुळत नाही. कुणीतरी करतंय हे."

पलीकडच्या स्विचच्या खोलीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक तिच्याकडे, दुसरी मास्तरांकडे. मास्तर म्हणजे आमचे वायरमन. वीस वर्षांपूर्वी ती टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा वायर सोलायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. पुढे नेटवर्कची जागा निघाली आणि ती मास्तरांना न मिळता तिला मिळाली. मास्तर त्यावर कधी काही बोलले नव्हते. आता त्यांचं ते न बोलणंच तिला खुपायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात ती मला सोबत घेऊन नव्या इमारतीच्या फाटकावर गेली. तिथल्या वहीत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या असायच्या. पोर्ट चार दिवस मिटलं होतं, आणि त्या चारही दिवशी सव्वादहाला मास्तरांची सही होती. एरवी एकही नाही.

"बघ," ती हळूच म्हणाली. मला नको होतं तरी मी बघितलं.

मग आत स्विचच्या खोलीत जाऊन तिने छतालगतची जाळी उघडली. आत एक नवी कोरी केबल गेलेली होती आणि ती मेणाच्या दोऱ्याने बांधलेली होती. आमच्याकडे सगळे प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरायचे. दोरा फक्त मास्तर वापरायचे.

"विचार की त्यांना," मी म्हटलं.

"चोराला विचारून कुणी पंचनामा करतं का?"

त्या दिवशी तिने व्यवस्थापकांना चिठ्ठी लिहिली. तारखा, वेळा, सह्या, दोरा. खाली मास्तरांचं नाव. साहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मास्तरांना बोलावून किल्ली मागून घेतली. मी फाईल द्यायला तिथेच उभी होते. मास्तरांनी किल्ली टेबलावर ठेवली. एकदा साहेबांकडे बघितलं, जणू ते काहीतरी बोलतील अशी वाट बघत होते. साहेब कागद चाळत राहिले. मास्तर पक्कड उचलून निघून गेले.

शुक्रवारी दहा चाळीसला पोर्ट पुन्हा मिटलं.

त्या वेळी मास्तर माझ्याच खिडकीसमोर शिडीवर चढून ट्यूबलाइट बदलत होते. झडतीताई फोन कानाला लावून आली आणि त्यांना पाहून जागीच थबकली. मास्तर वरून म्हणाले, "शिडी धरतेस का जरा?" तिने धरली. ट्यूब लागेपर्यंत सोडली नाही.

मग तिने आधीच करायला हवं होतं ते केलं. खाली बसली आणि कंपनीकडून स्विचची नोंदवही मागवून ओळ न् ओळ वाचली. पोर्ट कुणी माणसाने बंद केलंच नव्हतं. स्विचने स्वतः बंद केलं होतं, आणि कारणही लिहून ठेवलं होतं.

मला तिने ते असं समजावलं. आमच्या दोन इमारतींचे डबे एकमेकांना सारखे खुशालीचे निरोप धाडत असतात. वाट दुहेरी झाली की याच निरोपांवरून त्यांना कळतं. कंपनीच्या जाळ्यातून जाताना हे निरोप मधल्या डब्यांनी वाचू नयेत म्हणून कंपनीचा स्विच ते पाकिटात बंद करतो, आणि पलीकडच्या टोकाला पाकीट फोडून निरोप बाहेर देतो. याला टनेल म्हणतात. आता बंद पाकीट ग्राहकाच्या, म्हणजे आमच्या, बाजूने कधीच आत यायला नको. आलंच, तर स्विच समजतो की कुठेतरी वाट गोल फिरून परत आली आहे, आणि तो पोर्टच मिटून टाकतो.

"म्हणजे दुसरी वाट आहे कुठेतरी," ती म्हणाली. "आणि ती मला माहीत नाही."

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सहज म्हणाला, "दुसरी लाइन? ती तुमच्याच नावावर आहे की, मॅडम. मागच्या महिन्यात घेतलीय. अजून अर्धवटच आहे, टनेलचं सेटिंग राहिलंय त्यावर."

"कुणी घेतली?"

"तुमच्या साहेबांनी. तुम्हाला माहीत नाही?"

ती मला घेऊन तडक पलीकडे गेली. दोऱ्याने बांधलेली केबल छतातून जिन्याकडे, तिथून साहेबांच्या नव्या इमारतीतल्या केबिनकडे जात होती. कपाटामागे एक छोटा डबा लुकलुकत होता. त्यात ती दुसरी लाइन आलेली, आणि त्यातून एक वायर इमारतीच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये. ज्या दिवशी साहेब या केबिनमध्ये येत त्या दिवशी डबा सुरू करायचे, जेवायला जाताना बंद. लाइनवरून रिपोर्ट जाण्याइतकी तिची मांडणी झालेली नव्हती, पण बंद पाकिटं मात्र न फोडताच बाहेर पडत होती आणि आमच्या जाळ्यातून फिरून पहिल्या पोर्टावर धडकत होती. साहेब कधी फाटकावरच्या वहीत सही करत नसत. मास्तरांना ते केबलच्या कामाला सोबत आणायचे, त्यामुळे सही तेवढी मास्तरांची.

साहेब खुर्चीतच होते. झडतीताईने विचारलं, "मला न सांगता का?"

"बाहेरच्या ठेकेदाराला काम द्यायचा विचार होता. खरं सांगू? मला वाटायचं, इथले नेहमीचे बिघाड तुम्हीच करता आणि तुम्हीच दुरुस्त करता. आपल्यावाचून अडतं हे दाखवायला."

"वीस वर्षं काम केलंय मी इथे."

"मास्तरांनी तीस वर्षं केलंय," साहेब म्हणाले. "त्यांचं नाव तुम्हीच लिहून दिलंत."

तिने वाकून भिंतीतली वायर उपसली. कंपनीला फोन करून पोर्ट उघडून घेतलं आणि ते उघडं राहतंय याची खात्री होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी साहेबांकडून किल्ली घेऊन ती मास्तरांकडे गेली. ते पायऱ्यांवर बसून हत्यारं पुसत होते.

"मास्तर, चुकलं माझं."

"किल्ली राहू दे तुझ्याकडेच. मला निवृत्तीला तीनच महिने उरलेत."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगायचं नाही, असं साहेब म्हणाले होते. त्या केबलने पोर्ट मिटतंय हे मला काय ठाऊक? पण तू विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

मास्तरांनी जरा विचार केला. "नसतं सांगितलं. तरी विचारायला हवं होतंस."

ठेकेदाराचा विचार मागे पडला. दुसरी लाइन पुढच्या महिन्यात नीट मांडून घेतली, झडतीताईच्या देखरेखीखाली. साहेब तिच्याशी पूर्वीसारखेच वागत राहिले आणि ती त्यांच्याकडे कधीच पूर्वीसारखी बघू शकली नाही. मास्तरांचे राहिलेले तीन महिने ती रोज दुपारी त्यांच्यामागे वही घेऊन फिरायची. कुठली वायर कुठून कुठे जाते, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती विचारायची, ते उत्तर द्यायचे. विचारलं तेवढंच, एक शब्द जास्त नाही.

शेवटच्या आठवड्यात दोघं माझ्या खिडकीपाशी छताकडे बघत उभे होते. तिचं विचारून झालं, तिने वही मिटली. मास्तर निघाले, चार पावलं गेले आणि परत आले.

"त्या कोपऱ्यात पाणी झिरपतं," ते म्हणाले. "तिथून कधी वायर नेऊ नकोस."

तिने वही पुन्हा उघडली.