धारेवर अडकलेली नीलू आणि माझी अर्धी दाढी

परवा दुपारी सानपाड्याच्या सलूनमध्ये माझी अर्धी दाढी झालेली, तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल आला. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस. म्हटलं नंतर करतो... पण रिंग थांबेचना, मग उचलला.

बायको, म्हणजे आमची नीलू, सध्या नॉर्वेत आहे. लोफोटेन नावाची बेटं आहेत, पार उत्तर ध्रुवाच्या अंगाला. समुद्रातून सरळ वर आलेले काळे डोंगर, पायथ्याशी लाल लाकडी घरं. बेलापूरच्या ऑफिसातून रिटायर झाली आणि बाईंनी पहिलं काम काय केलं, तर ही ट्रेकची टूर बुक केली. माझा गुडघा कामातून गेलेला, म्हणून मी इथेच.

तर फोन उचलला आणि स्क्रीनवर नुसतं आभाळ. मग तिचं कपाळ दिसलं. एकदम बारीक आवाजात म्हणाली, "अहो, मला उठताच येत नाहीये."

झालं होतं असं, की ग्रुप डोंगराच्या धारेवर पोचला. जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी वाट, दोन्हीकडे खोल उतार आणि खाली समुद्र. तिथे हिचे पाय जे लटपटायला लागले ते थांबेनात. पण चार लोकांत सांगायचं कसं... म्हणून हसत हसत म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी जरा फोटो काढते. आणि ते गेले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

आता धारेवर ही एकटी आणि समुद्राकडून ढग वर चढत होते. तिच्या मागे दिसणारा डोंगर माझ्या डोळ्यांदेखत गायब झाला. बसलेय तो दगड उतरता आहे म्हणाली, थोडी थोडी घसरतेय असं वाटतंय.

मी म्हटलं टूर लीडरला फोन लाव. तर नको म्हणे, सगळ्यांचा मूड जाईल. बरं, मला नंबर दे, तर तेही नको. नंबर होता आमच्या फ्रिजवर चिकटवलेला... पण हा कॉल ठेवून घरी धावायची माझी हिंमत होईना. परत लागलाच नाही तर?

सलूनवाल्या भाईने न सांगताच टीव्ही बंद केला. बाकावर नंबर लावून बसलेले दोघंही उठून जवळ आले. मी आपला उसन्या शांतपणाने सांगतोय, काही होत नाही गं, खाली बघू नकोस, बूड घट्ट टेकवून बस. फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

इतक्यात तिकडे पावलं वाजली. एक गोरं जोडपं खाली उतरत होतं. त्यांनी चांगलं थांबून विचारलं, ठीक आहात ना? तर आमच्या सौ. गोड हसून म्हणतात, "येस येस, एन्जॉयिंग द व्ह्यू." कसला डोंबलाचा व्ह्यू! सगळं पांढरंफटक झालेलं. ते बिचारे बाय करून निघूनही गेले.

मी भडकलोच. म्हटलं अगं, तोंड उघडून सांगता येत नाही का तुला? तर रडायला लागली. लोकांना कशाला आपला त्रास, म्हणाली. त्या बोलण्याचा मला भयंकर संताप आला, आणि खरं सांगतो, रडूही आलं. बोटं गार पडून तिला फोनसुद्धा नीट धरता येत नव्हता. पुढचं माणूस कधी येणार, येणार की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता...

बऱ्याच वेळाने एक उंच म्हातारा आला, हातात काठ्या. त्यानेही तेच विचारलं आणि हिने परत "येस येस" सुरू केलं. मग मात्र मी लाज सोडून बोंब मारली.

"सर! मॅडम नॉट एन्जॉयिंग! मॅडम अफ्रेड! प्लीज होल्ड हर हँड!"

म्हातारा वाकून स्क्रीनमध्ये बघायला लागला. अर्ध्या तोंडाला फेस लावलेला माणूस डोळ्यांत पाणी आणून किंचाळतोय... काय समजला असेल देव जाणे. मग तो तिच्याकडे वळला आणि त्याने तिला पुन्हा विचारलं, खरंच ठीक आहात?

तिने एकदा स्क्रीनवर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नो. आय ॲम अफ्रेड."

तो तिच्या उताराच्या बाजूला जाऊन बसला आणि तिचा हात धरला. फोन खिशात गेला, स्क्रीन काळी. नुसती जॅकेटची खसखस आणि मधेमधे त्याचं "गुड, गुड" ऐकू येत होतं. बसून, सरकत, इंचाइंचाने उतरवलं त्याने तिला. अख्खं सलून कान देऊन ऐकत होतं.

शेवटी तिचा आवाज आला, अहो, गवत लागलं, इथे सपाट आहे. मी खुर्चीत मागे टेकलो. गालावरचा फेस कधीच वाळून गेला होता, भाईने पुन्हा लावला.

काल परत तिचा फोन. पहिल्याच रिंगला उचलला... पण बाई खुशीत होत्या. सकाळी नाश्त्याला दुसऱ्या डोंगराची तयारी चाललेली, आणि हिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मला धारेवर भीती वाटते, मी खालच्या वाटेने जाणार. आणि मग ग्रुपमधले, कायम सगळ्यांच्या पुढे धावणारे सामंत हळूच म्हणाले, "वहिनी, मी पण येऊ तुमच्याबरोबर?"

त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघी निघाल्या. चौघं म्हणे समुद्राकाठाने मस्त भटकून आले.

त्या आजोबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आजोबा, जिथे असाल तिथे सुखात राहा... "ठीक आहे" म्हणणाऱ्या बाईला तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, म्हणून माझी बायको धडधाकट घरी येतेय.