टाकीतली नीळ

डोणगावच्या स्टँडवर त्या सकाळी आम्ही तिघी मुली पुण्याला निघालो होतो. बाकी दोघींच्या आया डोळ्यांना पदर लावत होत्या, वेळेवर जेव, रोज फोन कर, असं सांगत होत्या. माझी माय माझ्या बॅगची चेन ओढून बघत होती. गाडी सुरू झाली तेव्हा ती खिडकीखाली आली आणि म्हणाली, "तिथं नळ सुरू ठेवून तोंड धूत जाऊ नको." बस, एवढंच. मैत्रिणींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेहकर येईपर्यंत मी तिच्यावर धुसफुसत होते आणि मेहकर सुटल्यावर रडले.

तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना हे सांगायची गरज नाही, आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात त्यांनी विसरल्याचा आव आणू नये. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो, उन्हाळ्यात दहाव्या. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं पाणी अंगणाला. माय अंगणवाडीत मदतनीस होती आणि बाप लवकर गेला, त्यामुळे घरात हुकूम तिचाच. सांडलेल्या तांब्याबद्दल तिनं मला कधी मारलं नाही, नुसती बघायची. ते जास्त लागायचं.

पुण्यात आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. तिथल्या फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये सतत बारीक धार चालू असायची. बाकीच्या तिघींना तो आवाज ऐकूच यायचा नाही आणि मला दुसरं काही ऐकू यायचं नाही. घरमालकीणबाई प्लंबर पाठवते म्हणाल्या, तो काही आला नाही. तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून टाकीचं झाकण उचललं. आत बघते तर स्वच्छ पाणी, एक फ्लोट, एक नळी आणि तळाशी रबरी वॉशर. यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. वॉशर फाटला होता, तो बदलला आणि धार थांबली. माझ्या 'मले-तुले'ला हसणाऱ्या त्याच मुली पुढे फ्लश बिघडला की मला हाक मारायच्या. आज मी एका लॅबमध्ये रक्त तपासते, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये प्लंबरच्या आधी मला फोन येतो. सांगायला मला अजिबात संकोच नाही, माझा हात चांगला आहे.

म्हणून मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उकिडवं बसायचं नाही आणि वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मीच गावी जाऊन घरात कमोड बसवून घेतला. टाकी मी स्वतः जोडली. नंतर दर रविवारी फोनवर विचारायचे, फ्लश चालतो ना? ती म्हणायची, "हाव, चांगला चालते." दोन वर्षं मी त्या उत्तरावर खूश होते.

या उन्हाळ्यात चार दिवसांची रजा काढून गेले. संडासात पाऊल टाकलं आणि फ्लशच्या टाकीवर कपड्यांचा ब्रश, साबणाची वडी आणि तिचा कंगवा दिसला. ते सगळं बाजूला करून झाकण उचललं. टाकी कोरडी ठाक, आणि आत कोळ्यानं बिनघोर संसार मांडलेला. टाकीत पाणी सोडणारा खालचा अँगल कॉक घट्ट बंद होता. बाजूला भरलेली बादली होती आणि अंगणातल्या ड्रमापासून दारापर्यंत ओलसर वाट. म्हणजे नवा गुडघा घेऊन ही बाई रोज बादल्या वाहत होती.

मी आवाज चढवला. ती चिंच निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "सहा महिन्यांत हा फ्लश गळाले लागला, नळाच्या तिसऱ्याच दिवशी छतावरची टाकी रिकामी होऊन राह्यली होती. मी काय करू? बंद केला कॉक."

"मग मले सांगितलं काऊन नाही?"

"तू इतक्या हौसेनं बसवला होता व."

तरी माझा राग होताच, म्हणून मी अट घातली. मी जायच्या आत हा फ्लश एक थेंब न गळता चालला पाहिजे, नाहीतर तिनं घराला कुलूप लावून माझ्यासोबत पुण्याला यायचं. ती बरं म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मलाच धसका बसला.

कॉक उघडून मी टाकी भरली. गळती बारीक असली तर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जयंतीला नेसायच्या पांढऱ्या साडीसाठी माय ठेवते ती नीळ घेतली आणि टाकीत ओतली. तासाभरानं कमोडमध्ये निळं उतरलं. म्हणजे दोष वॉशरचा. माझ्या हत्यारांच्या पिशवीत एक नवा नेहमी असतोच, तो दहा मिनिटांत बसवला आणि हात धुतले. पुन्हा नीळ, पुन्हा एक तास. पुन्हा निळं. दुसऱ्या दिवशी मेहकरहून आणखी एक वॉशर आणला. पुन्हा निळं.

आता खरं सांगते. तिसऱ्या वेळी निळं दिसलं तेव्हा मला आतून बरं वाटलं. हरले तर माय माझ्याकडे येणार होती. सकाळी चहाला कुणीतरी असणार होतं. मी पाने-पकड गोळा करून पिशवीत टाकायला लागले.

माय दारात येऊन उभी राहिली. तिनं टाकीत वाकून बघितलं, मग हात आत घातला आणि वॉशर जिथं टेकतो त्या गोल काठावरून बोट फिरवलं. म्हणाली, "हे पाह्य. आपल्या पाण्याच्या गंजाले आतून बसते ना, तेच बसलं इथं. तुह्या पुण्याच्या पाण्यात नसन हे."

मी बोट फिरवलं. गंजात, म्हणजे पाण्याच्या पातेल्यात, आतून बसतो तोच क्षाराचा पातळ, खरखरीत थर. शेजारच्या बोअरचं थोडंफार मिळणारं जड पाणी नळाच्या पाण्यात मिसळून वापरणाऱ्या घरात हे मला आधी सुचायला हवं होतं. पुण्यात नेहमी वॉशरच खराब निघतो, म्हणून मी काठाला कधी हात लावलाच नव्हता. मायनं भिजवलेली चिंच आणली, टाकी रिकामी करून आम्ही ती काठावर दाबून ठेवली आणि मग नारळाच्या शेंडीनं घासलं. मी घासत होते आणि ती कुठं राहिलं ते सांगत होती. नीळ ओतली. तास गेला. कमोडमधलं पाणी नितळच. तिनं स्वतः फ्लश दाबला आणि तो आवाज संपेपर्यंत ऐकत उभी राहिली. माझ्याकडे बघून हसली, पण जिंकल्यासारखी नाही. तिला माझ्या पोटातलं कळलं होतं.

मी एकटीच परत आले. आता नळाच्या दिवशी तिचा फोन येतो. "नीळ टाकली. निळं नाही आलं." पूर्वी ती मला बरं वाटावं असं सांगायची, आता खरं सांगते. लोक विचारतात, तुझं घर कुठलं, पुण्याचं की गावचं? जिथून मला खरं कळवलं जातं, ते. एवढं उत्तर मला पुरतं.

परवा ती म्हणाली, "आज थोडंसं निळं आलं." मी एकदम म्हटलं, मी येऊ का?

"काऊन? चिंच भिजू घातली म्या," ती म्हणाली. "ये तू. पण फ्लशसाठी नको येऊ. मले भेटाले ये."

रजेचा अर्ज मी त्याच दुपारी दिला.