न धुतलेलं पातळ

परभणीच्या कॉलेजात समाजकार्य शिकवणाऱ्या एक मॅडम दर गुरुवारी विद्यार्थी घेऊन आमच्या पेडगावच्या अंगणवाडीत येतात. मी इथली सेविका. खुर्ची दिली तरी त्या खालीच बसतात आणि आईच्या आधी तान्ह्या बाळाशी बोलतात. बाळ हुंकार देईपर्यंत पुढचा शब्द नाही. तेवढ्यात माझी चार पोरांची वजनं होतात. विद्यार्थी भराभरा लिहितात, मॅडम स्वतः काहीच लिहीत नाहीत.

दिवाळीनंतर एक बाई ऊसतोडीला निघाली. आठ महिन्यांची पोरगी सासूजवळ राहणार होती. मॅडम तिला जाऊ नको म्हणाल्या नाहीत. "तुझं एखादं पातळ पोरीजवळ ठेवून जा," एवढंच म्हणाल्या.

बाईनं पातळ आणलं ते स्वच्छ धुऊन, घडी घालून. विद्यार्थी हसले.

"मळकं कसं द्यावं वं मॅडम?" ती म्हणाली.

मॅडम विद्यार्थ्यांकडे वळल्या. "चूक माझी आहे. पोरीला आईच्या अंगाचा वास पाहिजे, हे मी सांगितलंच नाही. लिहून घ्या."

बाईनं धुतलेलं पातळ नेसलं, अंगावरचं सासूला दिलं आणि ती गेली.

संक्रांतीला सासूनं घरातलं सगळं धुणं काढलं. ते पातळ तेवढं खुंटीवर होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "वास कवाच गेलाय बाई. पर मलाच धुववंना."

गुरुवारी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी विद्यार्थ्याकडून पेन मागून घेतलं.