माझ्या डब्यात इको न्हाई

वाटूरच्या फाट्यावर 'बबलू साउंड' अशी पाटी दिसंल तुम्हाला. पाटीवर जाऊ नका. बबलू माझं पोरगं, तो निसता गाडी चालवतो आन् खांबाला कर्णे बांधतो. आवाजाच्या मशीनवर बसती ती माझी सून, भावना. लग्न होऊन आली तवा तिला पोळी बराबर लाटता येत नव्हती, हे मी गावभर सांगितलेलं हाये. नऊ वर्षांत तिच्या तोंडावर एक चांगला शब्द काढला न्हाई. सासू हाये मी, तिची आरती कशाला ओवाळू?

मी कांताबाई. तीस वर्षं झाली, भीमगीतं गाते. पण गेल्या जयंतीला माझी पार फजिती झाली. आमच्याकडं इकोबिगर कोणाला आवाज गोडच लागत न्हाई, म्हणून मीच भावनाच्या मागं लागले, इको वाढव, अजून वाढव. मंग झालं काय, गाणाऱ्याला सोताचा आवाज ऐकू यावा म्हणून पुढ्यात डबा ठेवतात, त्या डब्यातून माझीच ओळ चार-चारदा परत यायची, आन् ती सरायची वाट बघत मी थांबायची. ढोलकीवाला बुद्धभूषण गेला पुढं निघून, मी राह्यले मागं. पोरं खदाखदा हसली. घरी येऊन सांगून टाकलं, आजपासून गाणं बंद. आठ दिवस घास गोड लागला न्हाई.

यंदा भावनानं मला न विचारता जयंतीच्या गाण्यांत माझं नाव लिहून दिलं. मी लई भांडले. तिनं ऐकून घेतलं, आन् मंग मला मशीनपाशी नेलं. दर माईकला दोन बारक्या गुंड्या. एक आवाज पाठवती गाणाऱ्याच्या डब्यात, दुसरी इकोच्या मशीनीत. इको होऊन आलेला आवाज कर्ण्यांत जातोच, पण तो डब्यातबी सोडायचा का न्हाई, ते तिसऱ्या गुंडीवर. गेल्या साली तुमच्या हट्टापायी सोडला, म्हणली, यंदा ती गुंडी बंद.

माझं डोकंच फिरलं. लोकायला इको आन् मला कोरडा डबा? सासूलाच कंजुशी?

"आत्या," ती म्हणली, "इको लोकांसाठी. तुम्हाला तुमचा आवाज पाह्यजे."

जयंतीच्या सांजंला माईक हातात घेतला, पण मनात एकच भ्याव. पुन्हा हसले तर मेल्यावरबी लोक तेच काढतील. पहिली ओळ घेतली आन् दचकलेच. डब्यातून माझाच आवाज, जसाच्या तसा, जरा घोगरा, भाकरी थापताना घरात ऐकू येतो तसा. ढोलकी बराबर मापात. दुसऱ्या कडव्याला भ्याव कुठल्या कुठं गेलं. तिसऱ्याला तीच पोरं माझ्या मागं म्हणाय लागली.

गाणं सरलं, टाळ्या चालू. भावना मंडपाच्या कोपऱ्यात खाली मान घालून बसल्ती. तिला बघून मला भरूनच आलं. माईक हातातच होता. डब्यात इको न्हाई, म्हणून मला वाटलं, एवढं हळू बोललेलं काही कर्ण्यांत जायचं न्हाई. मी आपली हळूच बोलले, माझ्यापुरतं.

"माझी सून लई गुणाची हाये."

चारी कर्ण्यांतून, चारदा, अख्ख्या वाटूरला ऐकू गेलं. भावनानं वर पाह्यलं. इको बंद करायला तिचा हात काही उठला न्हाई.

आता घरात जरा आवाज चढवला की शेजारच्या बाया भिंतीवरून तेच वाक्य चारदा म्हणून दाखवतात. मी मुकाट्यानं पोळ्या लाटते.